पाठीवरच्या रेघा

"माझा हात लागल्याशिवाय झोपतच नाही ती, राव," हिंदुराव एकदा कंपनीच्या बसमध्ये म्हणाला होता.

शेजारी रणजीत बसला होता. दोघे चाकणच्या एकाच कारखान्यात, एकाच टेबलावर काम करायचे. रणजीतनं त्याचा तळवा उलटा करून पाहिला. "भावा, ह्या हातानं आपण लोखंड गुळगुळीत करतो. पोरगी झोपत नसंल, बेशुद्ध पडत असंल."

मागच्या सीटवरचे दोघे हसले. हिंदुरावही हसला. त्या दिवसांत त्याला हसू लवकर यायचं.

त्याचं काम कानशीचं. मशीनमधून कापून आलेल्या लोखंडी भागांच्या कडांना बारीक धार राहते. ती कानशीनं घासून काढायची आणि मग तळवा फिरवून पाहायचं, कुठं काही टोचतंय का. डोळ्याला दिसत नाही ते तळव्याला कळतं. हे अकरा वर्षं चाललं होतं. भाग मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या पांढऱ्या, तेलकट पाण्यातून निथळत यायचे. शिफ्ट संपली की हात धुवायला कपड्याची पावडर आणि लाकडाचा भुसा. तळव्यांना भेगा पडल्या, भेगांत काळं बसलं, ते निघेना. कानशीचे दात हळूहळू हाताला फुटले.

घर कासारवाडीत, रुळांच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. घरात बायको वर्षाली, दोन वर्षांची होत आलेली स्वरूपा, आणि नातीसाठी शिराळ्याकडच्या गावाहून आलेली त्याची आई, सुभद्राबाई.

स्वरूपा चार महिन्यांची असताना गालांवर लाल चट्टे उठले. मग कोपरांच्या घडीत, गुडघ्यांच्या मागे, मग पाठभर. हात फिरवला की कोंडा झडल्यासारखं काही झडायचं. पोर उशीवर, भिंतीवर, आईच्या खांद्यावर, मिळेल तिथं गाल घासायची. सुभद्राबाईंनी डाळीचं पीठ लावून चोळलं, कडुलिंबाच्या पाल्याच्या कडक पाण्यानं न्हाऊ घातलं. पोर किंचाळायची.

"अंगात उष्णता हाय. निगून जाईल," सुभद्राबाई म्हणायच्या. "आमी पाच वाढवली. कुनाला डाक्टर लागला न्हाई."

दुसरी पाळी असली की हिंदुराव दीड वाजता घर सोडायचा. त्याआधी जेवून चटईवर आडवा व्हायचा, स्वरूपाला छातीवर पालथी घ्यायचा आणि झबल्याखाली हात घालून पाठीवर फिरवायचा. खर्र, खर्र. तिचे डोळे अर्धे मिटायचे, ओठ सैल पडायचे, लाळ त्याच्या बनियनवर गळायची. सकाळपासून कुणालाच न आवरलेलं रडणं त्या हाताखाली थांबायचं. थोडं बोलायला लागल्यावर ती त्याच्यासमोर येऊन पाठ करायची, झबलं वर धरायची आणि म्हणायची, "पप्पा, हात."

कंपनीलाही हात हवे होते. पण ते कुणाचेही चालले असते. इथं त्याचाच लागायचा.

मार्चमध्ये पाठीवरच्या चट्ट्यांतून पाणी आलं, पिवळी खपली धरली, ताप चढला. मग तिघं पोरीला घेऊन पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेली.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी कोपरं पाहिली, गुडघ्यांच्या मागं पाहिलं. "एक्झिमा आहे. काही मुलांची कातडी जन्मतःच अशी कोरडी, नाजूक असते. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. बहुतेकांचं वाढत्या वयात कमी होतं, पण तोवर सांभाळावं लागतं." बोलता बोलता त्यांनी स्वरूपाची पाठ खिडकीकडे वळवली आणि थांबल्या. पाठीच्या मधोमध बारीक, समांतर रेघा होत्या. काही जुन्या, काही त्याच दिवसाच्या.

"हिचा हात इथं पोचत नाही," त्या म्हणाल्या. "इथं कोण खाजवतं?"

वर्षालीनं पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"खाजवतंय कोन, बाई?" सुभद्राबाई म्हणाल्या. "बाप हात फिरवतो तिचा. मायेनं. ह्यालाबी ल्हानपनी असंच हुतं. ह्याचा बापबी ह्याला असाच घासायचा."

"बघू हात," डॉक्टर म्हणाल्या.

गेटवर झडती देताना धरतात तसे हिंदुरावनं दोन्ही तळवे पुढे केले. बाईंनी एका भेगेवरून बोट फिरवलं. "तुम्हीही दाखवून घ्या. हेही त्यातलंच असू शकतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "घासलं की तिला बरं वाटतं, खरं आहे. पण कातडी फाटते. फाटली की खाज वाढते, आणि त्यातूनच जंतू आत गेलेत. तुम्हाला माहीत नव्हतं, तुमची चूक नाही. पण आता थांबवायचं. मलम आईला लावू द्या."

"नुसता ठेवला तर?" हिंदुरावनं विचारलं. "न हलवता?"

बाई चिठ्ठीवर मलमाचं नाव लिहीत होत्या. "ठेवून बघा."

त्यानं ठेवून पाहिला. हात दगडासारखा ठेवला. पण गावाकडं गुरं बाभळीला अंग घासतात तशी पोर त्या हाताखाली स्वतःच वरखाली सरकू लागली. दुपारपर्यंत एक खपली निघाली. दुसऱ्या दिवशी त्यानं हातांत सुती मोजे घातले. तिनं ते ओढून काढले, फेकून दिले आणि इतकी रडली की शेजारची बाई दारात आली. त्यानं सुपरवायझरकडे पॅकिंगला बदली मागितली. जागा नव्हती. बसमध्ये रणजीतनं व्हॅसलीनची डबी त्याच्या मांडीवर ठेवली.

एका सकाळी त्यानं आईला विचारलं, "दादा मला घासायचे?"

"तर! हात काढला की भोकाड पसरायचास."

दादा, त्याचे वडील, गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. चेहरा म्हणून जो आठवायचा तो भिंतीवरच्या फोटोतला. पण पाठीवर फिरणारं काहीतरी खरखरीत आणि गरम त्याला आठवत होतं. ते काय, हे त्याला आजवर कळलं नव्हतं. वडलांचं त्याच्याकडं तेवढंच होतं. स्वरूपाकडं त्याचं काय राहील, हे त्याला सांगता आलं नसतं.

वर्षालीनं सगळं हातात घेतलं. कोमट पाणी, थोडाच वेळ. चोळायचं नाही, सुती कापडानं टिपायचं. अंग ओलसर असतानाच जाड मलम लावायचं, लाल जागेवर औषधाचं, तेही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस. नखं वाढू द्यायची नाहीत. डाळीच्या पिठाचा डबा सुभद्राबाईंनी स्वतःच वरच्या फळीवर ठेवला. पोर हळूहळू वर्षालीच्या खांद्यावर थोपटून झोपायला लागली. जेवण झालं की हिंदुराव चटईवर उताणा पडायचा, दोन्ही तळवे पाठीखाली दाबून, डोळे मिटून. "पप्पा, हात" ऐकू आलं तरी डोळे उघडायचा नाही. काही दिवसांनी ती यायची थांबली.

एप्रिलमधल्या एका दुपारी तो निघायच्या बेतात होता.

"अहो, बघा तरी," वर्षालीनं हाक मारली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात हसू होतं. "पाठ बघा हिची."

दारापाशी उभ्या उभ्या त्यानं पाहिलं. पाठ मऊ दिसत होती, मलमानं चमकत होती. एकही रेघ नव्हती. कडा घासून झालेला भाग टेबलावर ठेवतात तशी, कुठं काही न टोचणारी.

स्वरूपानं मान वळवली. तो जागा आहे, उभा आहे, हे तिला दिसलं. ती उठली, दुडूदुडू त्याच्यापुढं आली, पाठ केली आणि झबलं मानेपर्यंत वर धरलं.

"पप्पा, हात."

"ठिव की रं वाईच," आतून सुभद्राबाई म्हणाल्या. "बरी झालीया आता."

मलमाच्या ट्यूबचं झाकण वर्षालीच्या बोटांत तसंच राहिलं. पोर पाठ करून वाट पाहत होती.

हिंदुरावनं खाली वाकून एका हातात जेवणाचा डबा उचलला. दुसऱ्या हातात बूट घेतले. दोन्ही हात भरले, तेव्हा तो तिला वळसा घालून अनवाणीच बाहेर पडला.