टाचेवरचे पापुद्रे

मुलीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे होतं. तारीख उलटून गेल्यावर नात झाली आणि दोघी दवाखान्यातून अधारतालला आमच्या घरी आल्या. नातीला बघायला नागपूरहून विहीणबाईही आल्या.

एका सकाळी दुपटं सोडताना त्यांचा हात थांबला. बाळाच्या घोट्यांवर, टाचांवर कांद्याच्या सालीसारखे पातळ पापुद्रे सुटले होते.

"काहून असं झालं? पोरीचं कातडं निघून राहिलं."

मुलगी रडवेली झाली. "आई, चलो, डॉक्टरला दाखवून देऊ ना."

माझी सगळी नोकरी प्रसूती वॉर्डात नर्स म्हणून झाली. मी बाळाला खिडकीशी नेलं. कुठे लाली नव्हती, अंग गरम नव्हतं, दूध तर ती दणकून पीत होती.

"गरज नाही," मी म्हटलं. "इतके महिने पाण्यात होती, त्यात दिवस वर गेले. वरचा थर सुकून गळून राहिला. खाली नवा तयार आहे."

विहीणबाईंना पटलं नाही. त्यांनी बेसन, हळद आणि साय कालवून वाटी आणली. "आमच्याकडे चोळून काढतात."

"चोळायचं नाही. सुटलंय ते आपोआप पडेल. चिकटलंय ते ओढलं तर रक्त येईल."

वॉर्डातला आवाज निघाला माझा. विहीणबाईंचा चेहरा उतरला. एवढ्या लांबून हौसेने आल्या होत्या त्या. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावा असं काही मी बोलले नव्हते. मी त्यांचं बोट धरलं आणि टाचेवर, जिथला पापुद्रा पडून गेला होता तिथे ठेवलं.

त्या बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. "लोण्यावानी लागते," हळूच म्हणाल्या.

वाटीतलं उटणं मुलीने स्वतःच्या हातांना लावून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून न्हाणं विहीणबाईंनी आपल्याकडे घेतलं. कोमट पाणी, जरासं खोबरेल, घासणं अजिबात नाही. मी नुसतं पाणी ओतायचे. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता, आणि बाळ त्यांच्या पायांवर रडत नव्हतं. हळूहळू सगळे पापुद्रे गेले, नातीचं अंग तुकतुकीत झालं.

जावई आईला न्यायला आले, तर त्या म्हणाल्या, "तू जा. मी राहते अजून थोडे दिवस."

जावयांनी संकोचून माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "मला एकटीला जमत नाही."