मूठभर ब्राझील नट

माझ्या लेकीनं दूध सोडलं तेव्हा माझ्याकडून एकच शब्द घेतला होता. "आई, माझं खाणंपिणं माझं मी बघेन. फक्त मला न सांगता माझ्या ताटात काही घालू नकोस." मी म्हटलं, "नाही गं बाई घालणार. मी काय तुझी वैरीण आहे?" असं तोंड वर करून बोलले होते मी.

तिनं दूध सोडलं ते सांगोल्याला, माझ्या माहेरी. भावाच्या शेळ्या आहेत. करडांनी सगळं दूध पिऊन टाकू नये म्हणून त्यांच्या तोंडाला मुसकी बांधली होती, आणि एक करडू मुसक्यासकट आईच्या कासेला ढुशा देत होतं. लेक बराच वेळ बघत उभी राहिली. वहिनीनं चहा आणला, तो तिनं घेतला नाही. मटण आधीच सुटलं होतं. आता दूध, दही, तूप, मध, सगळंच गेलं. सोलापूरला परत आल्यावर आमचे हे म्हणाले, "आता काय कडबा खानार व्हय?" ती हसली आणि मूग भिजत घालायला गेली.

पोरगी बँकेत कामाला, पंचवीस वर्षांची. कुठलीही गोष्ट अर्धवट करायची नाही हा तिचा स्वभाव. स्वतः आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आली. बाईंनी सांगितलं होतं, मीठ साधं आयोडीनचंच वापर, त्या गुलाबी सैंधवाच्या नादी लागू नकोस. जस्त मिळायला कडधान्यं भिजवून, मोड आणून खा. बी-बाराची गोळी चुकवू नकोस. आणि अंगाला चिमूटभर लागणाऱ्या सेलेनियम नावाच्या क्षारासाठी ब्राझील नट, म्हणजे बदामाहून मोठी परदेशी बी, दिवसाला एक. एकच, दोन नको. लेकीनं फ्रिजवर छोटी बरणी ठेवली. रोज सकाळी त्यातला एक नट चावत ती चपला घालायची.

आता मी कोण तेही सांगते. मी अंगणवाडी सेविका. वीस वर्षं वस्तीतली लेकरं काट्यावर तोलते आणि त्यांच्या आयांना बजावते, "सांगितलं तेवढंच औषध द्यायचं. दोन चमचे जास्त पाजल्यानं पोर दुप्पट धट्टंकट्टं होत नसतं." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दिवाळीनंतर न्हाणीघराच्या जाळीत तिच्या केसांचा गुंता सापडला. फार मोठा नव्हता. थंडीत माझेही गळतात. पण तिची वेणी मनगटाएवढी जाड, मी लहानपणापासून तेल लावून वाढवलेली. तो गुंता हातात धरून मी खाली बसले. शेजारीण तर टपलेलीच होती. "पोरीचा चेहरा पार उतरलाय की ओ. घरात खायला घालत न्हाई का काय?" माझ्या जिवाला घोर लागला, आणि रागही आला. लेकीचा, शेजारणीचा, त्या आहारवाल्या बाईंचाही. एका बीनं काय होतंय? चिमणीचा घास मेला!

दुसऱ्या दिवशी नवी पेठेत सुकामेव्याच्या दुकानात गेले. म्हाताऱ्या चाचांनी ब्राझील नट पुडीत बांधता बांधता बजावलं, "बाजी, ये बदाम के सरीका मूठ भर के नै खाने का. रोज एकीच." मी म्हटलं, "चाचा, आमच्या घरात खाणारी माणसं लई आहेत." खोटं तिथून सुरू झालं.

शेंगांची चटणी मी उखळात कुटते. तेल सुटेपर्यंत कुटायची, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. लेकीचं तूप सुटल्यापासून भाकरीबरोबर तिला दोन्ही वेळ हीच चटणी लागायची, आणि ती कमी तिखट खाते म्हणून तिची बरणी वेगळी. त्या बरणीच्या शेंगदाण्यांत मी ब्राझील नट घातले. चांगली मूठ भरून घातले, मग वर आणखी थोडे. नट तेलकट, चटणी झकास तेलाळ झाली. लेक म्हणाली, "आई, यावेळची चटणी काय भारी झालीय गं!" मी सुखावले. दूध घातलं नाही, तूप घातलं नाही, मग शब्द मोडला कुठं? अशी मी माझ्या मनाची समजूत घातली. बरणी संपली की पुन्हा कुटायची, असे दोन-तीन महिने गेले.

केस गळायचे थांबले नाहीत. उलट गळणं वाढलं. नखांवर पांढऱ्या रेघा आल्या आणि ती कडेनं मोडायला लागली. लेक तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणायची, तिला मळमळायचं, दमायची. मी काय केलं? मूठ वाढवली. तिच्या तोंडाला लसणाचा वास यायला लागला तेव्हा हे म्हणाले, "किती लसूण घालतीस गं चटनीत? बँकेतली मानसं पळून जातील की." आम्ही सगळे हसलो. लसूण तर चटणीत असतोच. मला शंका घ्यायची काही गरजच वाटली नाही.

मग तिला ताप आला. चार दिवस तिनं फक्त तांदळाची पेज घेतली. ना चटणी, ना लसूण. चौथ्या दिवशी मी तिचं कपाळ पुसायला वाकले आणि तिच्या श्वासाला तोच लसणाचा वास आला. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. हा वास चटणीचा नव्हता.

डॉक्टरांना मी वासाचं सांगितलं, चटणीचं नाही. त्यांनी नखं पाहिली, केस पाहिले आणि रक्त बाहेरगावी तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत मी ती बरणी फडताळात पिठाच्या डब्यामागं सरकवून ठेवली. चोराच्या मनात चांदणं.

रिपोर्ट घेऊन आम्ही दोघी गेलो. डॉक्टर म्हणाले, "सेलेनियम कमी नाही, फार जास्त झालंय. केस त्यानंच गळतायत. ब्राझील नट खाता का? किती?"

"एक," लेक म्हणाली.

"एकानं एवढं होत नाही. गोळ्या घेता का काही? ऑनलाइन मागवलेल्या?"

"नाही सर. फक्त एक नट."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बघा, खरं सांगितलं नाही तर मी काय करणार?" माझ्या लेकीचे डोळे भरून आले. आयुष्यात कुणी तिला खोटारडी म्हटलं नव्हतं. मी शेजारच्या खुर्चीत, मांडीवर पर्स धरून बसले होते. माझं तोंड उघडलं नाही. वीस वर्षं वस्तीत दवंडी पिटल्यासारखी बोलणारी मी, आणि तिथं पर्सची चेन उघडझाप करत राहिले.

रिक्षात ती म्हणाली, "आई, तुला तरी पटतंय ना? मी खोटं नाही बोलत."

"पटतंय गं," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

घरी आल्यावर तिनं फ्रिजवरची छोटी बरणी ओट्यावर उपडी केली आणि नट मोजायला लागली. तिला स्वतःवरच संशय आला होता. ते बघवेना मला. पिठाच्या डब्यामागून चटणी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. "यात आहेत," म्हटलं. "मीच घातले. केस गळत होते म्हणून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं झाकण उघडलं, वास घेतला, परत लावलं. म्हणाली, "तिथं का नाही बोललीस?" मी पदरानं ओटा पुसायला लागले. मग तिनं विचारलं, "आणखी कशात काय घातलंस?"

"कशात नाही गं. तुझी शप्पथ."

"मला कसं कळणार?" ती म्हणाली.

नट आणि ती चटणी, सगळं बंद केलं. तोंडाचा वास गेला, नखं खालून नवी, गुळगुळीत आली. केस यायला बरेच महिने लागले, पण आले. कपाळाशी बारीक लव दिसली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. डॉक्टरांना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, त्यांनी तिला फोन करून माफी मागितली. ती माझ्याशी चांगलं बोलते, पगाराच्या दिवशी माझ्यासाठी गजरा आणते. दूध अजून घेत नाही, आणि तब्येत ठणठणीत आहे.

गेल्या रविवारी मी धीर करून तिच्यासाठी पुन्हा चटणी कुटली. ताटात वाढली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "यात काय आहे?"

"शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं मान हलवली, कांदा फोडून घेतला आणि त्याच्याबरोबर भाकरी खाल्ली. जेवण झाल्यावर मी तिचं ताट उचललं. चटणी वाढली होती तशीच होती. या खेपेला मी खरं बोलले होते.