दाबल्यावरचा कोन

राळेगावच्या एका छोट्या कारखान्यात मी काही वर्षं काम केलं. लाइट आली की शेतातला पंप आपोआप सुरू करणारे स्टार्टर आम्ही बनवायचो. मालकांचं आधी मोटर वाइंडिंगचं दुकान होतं; सगळे त्यांना चाचा म्हणत. मी डिप्लोमा करून दोन वर्षं पुण्यात काढून आलेलो, म्हणून सर्किट बोर्डाचं खातं त्यांनी माझ्याकडे दिलं.

बोर्डावर बारीक पार्ट बसवण्याआधी सोल्डर पेस्ट लावावी लागते. पेस्ट म्हणजे कथलाच्या पुडीचं करडं मलम. बोर्डावर भोकं पाडलेला पातळ पत्रा ठेवायचा आणि रबरी पट्टीनं पेस्ट त्यावरून ओढायची. पत्रा उचलला की भोकांच्या जागीच पेस्ट उरली पाहिजे. पट्टी फार आडवी झाली तर पेस्ट पत्र्याखाली शिरते आणि पार्टचे शेजारशेजारचे दोन पाय जोडले जाऊन शॉर्ट होतो. फार उभी झाली तर भोकं भरत नाहीत.

हे काम एक ताई करायच्या. वय चाळिशीचं. त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, वेचणी लवकरच आटोपली, म्हणून जवळच्या गावाहून एसटीनं त्या आमच्याकडे येऊ लागल्या होत्या. त्यांचे बोर्ड क्वचितच बिघडत. पण कोन किती धरता, असं विचारलं की त्या नुसत्या हसायच्या. मला ते खटकायचं. पुण्यात साठ अंश शिकलो होतो. मी सुताराकडून साठ अंशाचा लाकडी गुटका करून आणला आणि पट्टी त्यात बसवून दिली.

दोन-चार बोर्ड ओढून त्या म्हणाल्या, "भाऊ, याच्यानं हात अडकते."

हात थकतो, लाकूड थकत नाही, असं मी त्यांना समजावलं. त्या गुटका लावूनच पट्टी ओढू लागल्या.

आठवड्याभरात शॉर्ट झालेल्या बोर्डांचा ढीग झाला. चाचांनी सगळ्यांसमोर कारण विचारलं. मी क्षणभरही थांबलो नाही. म्हणालो, "यांचा हात जड आहे. निंदणाचा हात आहे तो, या कामाचा नाही." ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हात धुतले, पिशवी घेतली आणि स्टँडकडे निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

मग मीच पट्टी ओढायला बसलो. तेच शॉर्ट. दाब कमी केला तर पेस्ट पत्र्यावर माखून राहायची. तिसऱ्या दिवशी वैतागून मी टेबलाच्या कडेशी डोळा लावून बसलो आणि एका हातानं हळूहळू पट्टी ओढली. गुटका साठावरच होता. पण खाली रबराची कड दाबानं वाकून जेमतेम पंचेचाळीसवर आडवी झाली होती. मी पट्टी मोकळी असतानाचा कोन मोजला होता. ताई मूठ मुद्दाम जास्त उभी धरायच्या, म्हणजे दाबल्यावर कड हवी तिथे यायची.

चाचांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जा, घेऊन ये."

ताई हरभऱ्यात निंदत होत्या. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून सगळं सांगितलं. त्या खुरपं चालवत ऐकत राहिल्या.

"पट्टी वाकते हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोन इचारला. पट्टी काय करते, ते कुठं इचारलं?"

चूक माझी आहे, माफ करा, असं मी म्हणालो.

"बोलले सगळ्याईसमोर," त्या शांतपणे म्हणाल्या, "अन् माफी धुऱ्यावर मांगून राह्यले?"

बाजूच्या तासात, पिकाच्या ओळीत, निंदणाऱ्या बाया हसू दाबत होत्या. हातातलं निंदण उरकल्यावर सोमवारी येते, असं सांगून त्या पुढच्या तासाला वळल्या.

सोमवारी त्या आल्या. मी सगळ्यांना जवळ बोलावलं. आदल्या दिवसापासून वाक्यं जुळवून ठेवली होती, ऐन वेळी एकही आठवलं नाही. गुटका चुकीचा होता, हात बरोबर होता, एवढंच कसंबसं बोललो. डिप्लोम्याचा मला तेव्हा जितका भार वाटला तितका कधी वाटला नव्हता.

ताईंनी मान हलवली आणि पट्टी हातात घेतली. त्यांनी ओढायची, मी खाली वाकून कोनमापक धरायचा, असं आम्ही दुपारपर्यंत केलं. मूठ पंच्याहत्तरच्या आसपास, दाबल्यावर कड साठला. रबर जुनं होऊन मऊ पडलं की मूठ आणखी उभी धरावी लागते, हेही त्यांनीच दाखवलं. मी वहीत लिहून घेत होतो. मध्येच त्यांनी विचारलं, "काय लिहिलं, वाचून दाखवा." मी वाचलं. 'मूठ पंच्याहत्तर' इथे त्यांनी मला थांबवलं आणि त्याआधी 'रबर नवं असताना' असं घालायला लावलं.