छत्तीस दिवसांची शी

बाळाचं तोंड बघायला सगळं जग येतं. बाळाचं दुपटं उलगडून बघायला येणारी बाई अख्ख्या मुंबईत एकच, आणि ती बायकोची थोरली बहीण म्हणून माझ्या नशिबी आली. ताई पवईच्या एका प्रयोगशाळेत नवजात बाळांच्या पोटातले जिवाणू तपासायच्या. जिवाणू काही हाक मारल्यावर बाहेर येत नाहीत, त्यामुळे ते ज्यातून येतात त्या ऐवजाशी ताईंचा संसार. लोक बारशाला झबलं-टोपडं नेतात, ताई बर्फाची पेटी आणि झाकणाच्या बाटल्या न्यायच्या. एका बारशात ऐन पाळण्याच्या वेळी बाळाने कार्यक्रम उरकला. बायका पदर नाकाला लावून मागे सरल्या, ताई चमचा घेऊन पुढे. "रंग झकास आहे हं," त्या बाळाच्या आजीला म्हणाल्या, "अगदी फेसलेली मोहरी." आजी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

"बाळाचं आतडं म्हणजे नुकताच ताबा मिळालेली कोरी बिल्डिंग," त्या मला समजावायच्या. "पहिली बिऱ्हाडं येतात ती आतला ऑक्सिजन संपवतात. मग आईच्या दुधातली साखर खाणारी येतात. ती सज्जन मंडळी. त्यांचं बस्तान बसलं की सोसायटीत भांडणं कमी." आमच्या सोसायटीची मीटिंग आठवून मी मान डोलवायचो. आमच्याकडे सज्जन मंडळींना कुणी फ्लॅटच दाखवला नसणार.

आमचे चिरंजीव जन्मले तेव्हा ताई अडचणीत होत्या. त्यांना हवं होतं निरोगी, फक्त आईच्या दुधावरचं बाळ, सलग चाळीस दिवस. आधीची दोन बाळं अभ्यासातून गळाली होती. एकाला आजीने गुपचूप बाळगुटी चाटवली, दुसरं आईबरोबर चिपळूणला गेलं. "आता तुमचाच भरवसा," ताई म्हणाल्या. "हे हुकलं तर वरचे लोक माझं काम बंद करतील." मग मुलुंडहून पवईला जाताना वाकडी वाट करून त्या रोज सकाळी सातला घाटकोपरला आमच्या दारात. माझं काम एवढंच: वहीत 'आईच्या दुधाशिवाय काही दिलं?' यापुढे 'नाही' लिहून सही करायची. छत्तीस दिवस मी ती बँक मॅनेजरच्या रुबाबात केली.

सदतिसाव्या दिवशी दुपारी बायको आंघोळीला गेली. माझ्या एका हातात बाळ, दुसऱ्यात श्रीखंडाची वाटी. त्याने माझ्याकडे असं काही बघितलं की माझं बोट आपोआप त्याच्या ओठांवर गेलं. त्याने चुटुचुटु आवाज केला आणि माझा ऊर भरून आला. मग श्रीखंडाचं दही जिवाणूंनीच लागतं हे आठवलं, आणि ऊर रिकामा झाला.

बायको म्हणाली, "पाच मिनिटं बाळ सांभाळायला दिलं, तर तू त्याला जेवायला घातलंस?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी वही पुढे केली. मी 'ना' लिहिलं. पुढचं अक्षर काही उमटेना. "ताई, श्रीखंड," मी म्हणालो.

त्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली. मग विचारलं, "किती?"

"बोटाच्या टोकाएवढं. वेलची होती."

"वेलचीचं जाऊ द्या. आधीचे छत्तीस दिवस खरे?"

"मुलाशपथ खरे."

"मग छत्तीसच घेते. बरं केलंत सांगितलंत. नाहीतर हे नवं बिऱ्हाड कुठून आलं म्हणून मी जन्मभर डोकं खाजवलं असतं." पुढे पंधरा दिवस वरच्यांशी भांडून त्यांनी छत्तीस दिवसांवरच काम तडीला नेलं. सकाळी सातची बेल मात्र बंद झाली, आणि मला उगाचच सातला जाग येत राहिली.

यंदा ताई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी फोन आला. "बाटल्यांचा फ्रीजर रिकामा केला रे त्यांनी. तुझ्या लेकाचा पहिला महिना गेला बघ." मला अरे-तुरे त्यांनी पहिल्यांदाच केलं. मग म्हणाल्या, "त्याला दे जरा."

चिरंजीव आता चार वर्षांचे. मावशीने सवयीने विचारलं, "आज काय काय खाल्लंस?"

"वरणभात," तो म्हणाला. फक्त वरणभात.

त्याची बोटं वेफर्सच्या मसाल्याने लाल होती. मी फोनजवळ तोंड नेऊन म्हणालो, "ताई, वेफर्सपण."

"हो का? लिहिते हं," ताई म्हणाल्या. वही त्या सकाळीच ऑफिसात जमा करून आल्या होत्या.