इंजिनावर न ठेवलेला हात

ती घटना आठवली की मला आधी आरोपी आठवत नाही, फिर्यादीचा उजवा हात आठवतो. पोलिसाच्या डोक्यात हे उलटंच म्हणायचं. पण तसं आहे खरं.

नोकरीची शेवटची वर्षं मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीतल्या एका गावात एक तरुण होता. सगळं गाव त्याला नावाने नाही, 'पायलट' म्हणूनच हाक मारायचं. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. शाळेच्या कार्यक्रमात त्याचा सत्कार झाला, चौकात फ्लेक्स लागला. बारावीची पोरं त्याच्या घरी सल्ला विचारायला जायची.

त्यातच एक मुलगी होती. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात तालुक्यात पुढे. तिला व्यावसायिक वैमानिक व्हायचं होतं. तिचे वडील जुने ट्रॅक्टर घेऊन, दुरुस्त करून विकायचे. जवळच्या धाड गावच्या बाजारात त्या माणसाची पारख लोक मानत. सौद्याला गेला की बोलायच्या आधी बॉनेट उघडून तळहात इंजिनावर ठेवायचा. इंजिन गार असलं तरच पुढची बोलणी. गरम लागलं की समजायचं, विकणाऱ्याने गिऱ्हाईक यायच्या आधीच सुरू करून ठेवलंय, म्हणजे थंडपणी ते सुरू होत नाही.

मुलीने मोबाईलवर शोधून दोन-तीन विमानशाळा काढल्या होत्या. तिच्या मनातली शाळा लांब होती आणि तिथे प्रवेशाला थांबावं लागणार होतं. पायलट म्हणाला, "थांबून काय करता काका? मी शिकलो त्या शाळेत लगेच घेतात. मी हाव ना तिथं." झालं. आपल्या गावचा माणूस आत आहे, याहून मोठी खात्री आपल्याकडे कोणाला लागत नाही. दवाखाना असो, कॉलेज असो, आपण आधी तिथे ओळखीचं कोण आहे ते विचारतो. तिथे काम कसं चालतं, ते नंतर. अर्धीअधिक शेती फुंकून बापाने मुलीला तिथे घातली.

हे मला सगळं पुढे कळलं. सुरुवात झाली ती एका जीपवाल्यापासून. धाड-बुलढाणा रस्त्यावर काळीपिवळी चालवणारा हा गडी अधूनमधून ठाण्यात खबर आणून द्यायचा. एकदा चहा पिता पिता म्हणाला, "साहेब, तो पायलट हाय ना, तो येष्टीतून उतरते तवा टी-शर्टात राह्यते. मंग स्टँडच्या संडासात जाते अन् ड्रेस घालून निघते."

"असेल. प्रवासात मळेल म्हणून."

"मळू द्या ना. पण बूट पाह्यले काय तुम्ही? माह्या लग्नातले बूट त्याहून जास्त घासले गेले."

मी हसलो, पण गोष्ट डोक्यात राहिली. गुप्तपणे चौकशी लावली. तो सांगायचा त्या विमान कंपनीत त्या नावाचा कोणी नाही, हे कळायला वेळ लागला नाही. तोतयेगिरी दिसत होती, पण कोणाची तक्रार नव्हती. म्हणून त्याला नुसतं बोलावून घेतलं.

आला तो ड्रेस घालूनच. मी खुर्ची दिली, चहा मागवला. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा मोठ्या गोष्टी पाठ करून येतो, बारक्या गोष्टींची तयारी करत नाही. मी विमानाचं नावही काढलं नाही. जेवण कुठे करतोस, खोलीवर सोबत कोण, कपडे कोण धुतं, सुट्टी कोणाकडे मागतोस, हेच विचारत बसलो. तो अडखळायला लागला, पण मोडला नाही. "साहेब, तुमच्या लाइनीतलं नाही हे, तुम्हाले नाही समजणार," असंही म्हणून घेतलं त्याने.

दुपारी त्याची आई डबा घेऊन आली. पोराला अजून का सोडलं नाही म्हणून घाबरलेली. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवायला सांगितलं. खिडकी उघडी होती, बाहेरचं आत ऐकू येत होतं. तेवढ्यात वरून विमानाचा आवाज आला. पार उंचावरचा, बारीक. बाई उठून आवारात गेली, कपाळावर आडवा हात धरून वर पाहू लागली.

पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "काय पाहता मावशी? तुमचा पायलट तं आत बसेल हाय."

ती ओशाळून हसली. "सवय लागली बाप्पा. तो फोन करून सांगते ना, आई, आज गच्चीवर ये, मी वरून चाललो. मी लुगड्याचा पदर हालवतो. त्याले दिसते म्हणते."

आत तो ऐकत होता. टेबलावरच्या चहाकडे पाहत म्हणाला, "तिले घरी पाठवा साहेब. मंग सांगतो."

जीपमधून तिला घरी सोडायला लावलं आणि त्याने जबाब दिला. तो पायलट नव्हताच. त्याच शाळेचा विद्यार्थी होता. विमान एकच, तेही बिघडलेलं. पार्ट येणार आहे, हवामान खराब आहे, शिक्षक सुट्टीवर आहेत, असं ऐकत त्याची वर्षं गेली. गावात तोपर्यंत फ्लेक्स लागून गेला होता. मग संचालकाने सांगितलं, नवीन विद्यार्थी आण, त्या पैशात पार्ट येईल, मग तुझं उड्डाण आधी. त्याने ट्रॅक्टरवाल्याची मुलगी नेली.

दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा बोलावलं, मुलीला आणि तिच्या वडिलांनाही. मुलगी तेव्हा घरीच आलेली होती. वडिलांना वाटत होतं तिचं शिक्षण जोरात चाललंय. तीही फोनवर "चालू हाय बाबा" एवढंच सांगत आली होती. शेत विकून बसलेल्या बापाला कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून. ती एकदाही विमानात बसली नव्हती.

ती पायलटसमोर उभी राहिली. रडली नाही. "दादा, मी तुले गेटवरच विचारलं होतं, इथं विमान उडते ना?"

"हो."

"मी ऑफिसात विचारत होते तं तू मले डोळ्यानं चूप केलं. म्हणला, असे प्रश्न विचारले की त्यांले राग येते."

"हो."

"काऊन?"

"तू आलीस तं पार्ट येईल असं वाटलं. मंग दोघंबी उडू." एवढं बोलून तो खाली बसला, खुर्ची असताना जमिनीवर.

वडिलांची फिर्याद नोंदवून घेतली. जबाब लिहिताना रायटरने नेहमीचा प्रश्न विचारला, प्रवेश घेण्याआधी तुम्ही विमान पाहिलं होतं का? त्यावर त्या माणसाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"पाह्यलं ना. चांगलं जवळून पाह्यलं. धुराच्या नळीत, आपण सायलेन्सर म्हणतो तशी राह्यते, त्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं."

रायटरने लिहिणं थांबवलं.

"साहेब, चालू इंजिनाच्या नळीत माशी घर करत नाही. हे मले कळते. माहा हात गेला होता पुढं, इंजिनावर ठेवाले. तितक्यात शाळेचा तो साहेब इंग्रजीत कायतरी बोलला, पोरीकडं पाहून हासला. मी हात मागं घेतला. म्हणलं हे इमान हाय, ट्रॅक्टर नाही. आपल्याले काय कळते यातलं? पोरीचा कमीपणा व्हईल."

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. मी कॉलेजात नाव घालायला गेलो तेव्हा माझे वडील ऑफिसच्या बाहेर चपला काढून उभे राहिले होते. कारकुनाने चप्पल घालून या म्हटलं, तरी आत आले नाहीत. त्यामुळे तो हात मागे का गेला, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शाळा परजिल्ह्यात, एका जुन्या धावपट्टीच्या कडेला होती. तिथल्या पोलिसांची मदत घेऊन पंचांसमक्ष विमानाचा पंचनामा केला. मातीचं घर तसंच होतं, वाळून दगड झालेलं. मी बोट लावून पाहिलं. भिंतीवर सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं. त्याची मुदत केव्हाच संपली होती. तारीख लहान अक्षरात होती, फ्रेम मोठी होती.

संचालकाला अटक झाली, जामीनही झाला. खटला रेंगाळला. पायलटचं नाव मला दोषारोपपत्रात आरोपी म्हणून घालावं लागलं. तो फसवला गेला होता हे खरं, आणि त्याने फसवलं हेही खरं. कायद्याला दुसऱ्या गोष्टीशीच काम असतं. पुढे तो गाव सोडून गेला. त्याच्या आईला कोणी काय सांगितलं, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

आम्ही गुन्हा उघडकीस आणला. वरिष्ठांनी शाबासकी दिली. पण त्या मुलीला विमान देणं आमच्या हातात नव्हतं. शेत परत आलं नाही आणि दुसऱ्या शाळेत जायला घरात काही उरलं नव्हतं. ती आता एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. कोणाच्या पोराला पायलट व्हायचं असलं की आईबाप तिच्याकडेच जातात. ती सांगते, "सोबत ओळखीचं कोणाले नेऊ नका. न कळवता जा. धावपट्टीच्या बाहेर दिवसभर बसा अन् त्यांचं विमान वर जाते का ते पाहा. मंग तिथल्या पोरांले मालक नसताना एकट्यात भेटा अन् विचारा, या महिन्यात तू किती वेळा उडला." पोरं विचारतात, मॅडम, वरून कसं दिसतं? ती म्हणते, तू जाऊन आला की मले सांग.

पोलीस खात्याने मला शिकवलं की साक्षीदार खोटं का बोलतो. या प्रकरणाने शिकवलं की ज्याला खरं दिसत असतं तो माणूस गप्प का बसतो. त्या गप्प बसण्याला कायद्याचं कुठलंच कलम लागत नाही.

मागे धाडच्या बाजारात तिचे वडील भेटले. एक तरुण शेतकरी त्यांच्याकडे जुना ट्रॅक्टर बघायला आला होता आणि संकोचून लांब उभा होता. त्यांनी बॉनेट उघडलं, त्या पोराचं मनगट धरलं आणि त्याचा हात स्वतः इंजिनावर नेऊन ठेवला.

"पाह्य लावून. गार हाय का?" ते म्हणाले. "लाजू नको बाप्पा. मी पैसे घेऊन राह्यलो तुह्याकून."