आंबट द्राक्षांची फेसाळ वाईन आणि आबांचा होकार

जुन्नरजवळच्या वाईनच्या कारखान्यातून प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा आई म्हणाली, "सूक्ष्मजीवशास्त्र शिकलीस ते दवाखान्यासाठी ना? मग दारूच्या कारखान्यात कशाला?" मी म्हटलं, दही लावणारे जीव आणि वाईन करणारे जीव एकाच शास्त्रातले. आबा, म्हणजे माझे वडील, तुर्भ्याच्या फळबाजारात माथाडी. साताऱ्याहून येऊन पेट्या वाहिल्या आणि मला पदवीपर्यंत पोचवलं. घरातली पहिली पदवीधर मी, आणि शिकलेलं वापरायचंच हा माझा हट्ट. शेवटी आबा म्हणाले, "मी येतो संगं. जागा बघतो, मग काय ते सांगतो." म्हणजे मला एका दिवसात दोन मुलाखती द्यायच्या होत्या.

द्राक्षं उतरवून जुन्नरकडे रिकामा परतणारा ट्रक आबांच्या ओळखीचा होता, त्यातून सकाळी निघालो. तुमचे वडील फळबाजारात नसतील तर कल्याणहून माळशेजमार्गे नगरला जाणारी एसटी पकडा आणि आळेफाट्याला उतरा. पुढे जीप मिळतात. घाटात खिडकीकडची जागा सोडू नका. माथ्यावर चहा आणि गरम भजी खाल्ली, दोघांचं मिळून तेव्हा दहा-बारा रुपयांत भागलं. आबा वाटेत फक्त द्राक्षाच्या बागा बघत होते.

कारखान्याच्या अंगणात नुकत्याच तोडलेल्या द्राक्षांची रास होती. आबांनी एक मणी तोंडात टाकला आणि लगेच तोंड वाकडं केलं.

"आवो, हे कच्चं हाय! आमच्या गाळ्यावर असला माल आला तर दलाल अंगावर फेकंल."

परांजपे मॅडम, प्रयोगशाळेच्या प्रमुख, हसल्या. "काका, फेसाळ वाईनला आंबटच लागतं. गोड होईपर्यंत थांबलो तर ती मिळमिळीत होते."

मग त्या आम्हाला तळघरात घेऊन गेल्या. आत इतका गारवा की आबांनी टोपी कानांवर ओढली. फेसाळ वाईन अनेक तऱ्हांनी करतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. इथे ते डोळ्यांनी पाहिलं. पहिली तऱ्हा सर्वांत धीराची. तयार साध्या वाईनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. ती पुन्हा आंबते, आणि होणारा वायू बाहेर पडू न शकल्याने वाईनमध्येच विरघळतो. महिनोन्महिने आडव्या ठेवलेल्या बाटल्या मग भोकांच्या फळ्यांमध्ये तिरक्या खोचतात, रोज हाताने थोड्या फिरवतात आणि हळूहळू उलट्या करत नेतात. गाळ तोंडाशी जमला की तेवढाच भाग गोठवून टोपण काढायचं. आतल्या दाबाने बर्फाचा खडा फट्‌दिशी उडतो, गाळ त्याच्यासोबत जातो. कमी झालेली वाईन चवीपुरती साखर घालून भरायची आणि बूच लावायचं.

दुसऱ्या तऱ्हेत हेच आंबवणं एका मोठ्या बंद पोलादी टाकीत होतं. ती लवकर तयार होते आणि फळाचा ताजेपणा टिकतो. तिसरी सर्वांत सोपी: साध्या वाईनमध्ये वरून वायू सोडायचा.

"म्हंजे सोडाच की!" आबा म्हणाले.

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "आता तुम्ही या. तीन पेले आहेत. कुठला कसा केला, ते सांगा."

आयुष्यातला वाईनचा पहिला घोट, तोही वडिलांसमोर. मी त्यांच्याकडे न बघता घोट घेतला आणि गिळला. दुसराही गिळला.

"अहो, गिळताय काय? त्या बादलीत थुंका. नाहीतर या नोकरीत रोज दुपारी झोपाल!"

कान तापले. तोंडात घेतलेलं बाहेर टाकायचं नाही, परक्याच्या दारात तर नाहीच, हे आमच्याकडे बोलायला लागायच्या आधी शिकवतात. तिसरा घोट तोंडात तसाच धरून मी उभी राहिले.

तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला. "थुंक की गं! गिऱ्हाईक द्राक्ष चाखून थुंकतंच की. समदी गिळत बसलं तर गाळे कवा फिरंल? काम हाय हे."

मी थुंकले. अर्धं बादलीत, अर्धं काठावर.

"नेम बसंल हळूहळू," आबा म्हणाले.

तिन्ही पेले मी पुन्हा नीट चाखले. पहिल्यात बारीक बुडबुड्यांच्या सरी संथ चढत होत्या आणि ताज्या पावासारखा वास होता. महिनोन्महिने यीस्टसोबत राहिलेली बाटलीतली हीच. दुसऱ्यात फळ पुढे होतं, ती टाकीतली. तिसऱ्यातले बुडबुडे मोठे आणि घाईचे, बघता बघता संपले. तिन्ही उत्तरं बरोबर आली.

"पुढच्या महिन्यापासून याल?" मॅडमनी विचारलं.

मी आबांकडे पाहिलं. ते मॅडमना म्हणाले, "पोरीच्या राह्यची सोय काय हाय?"

मला आबांचा होकार मिळाला होता. सोय आवारातच होती, प्रयोगशाळेतल्या दोन मुलींबरोबर. आबांनी खोलीची कडीसुद्धा लावून पाहिली.

परत एसटीने आलो. कोपरखैरण्याला घरी पोचलो तर जिन्यातच शेजारचे शिंदेकाका भेटले. "काय माने, लेकीला दारूच्या कारखान्यात धाडताय म्हणं?"

मी उत्तर जुळवत होते. हे काम मला आवडतं, यात शास्त्र आहे, आपल्या मातीतल्या द्राक्षांतून इतकं नाजूक काही होतं, याचा मला अभिमान वाटतो, असं सगळं सांगायचं होतं. पण आबा आधीच पायरीवर टेकले होते आणि एक हात हवेत उलटा धरून मनगट हळूहळू फिरवत होते.

"हे बघा शिंदे, बाटलीचं डोस्कं खाली. रोज एवढं, फकस्त एवढंच फिरवायचं. घाई केली की गेलं! आन् जमलं का न्हाय, ते आमची पोरगी सांगनार. तिनं न्हाय म्हटलं तर बाटली भाईर जात न्हाय."