दाखवावं लागतं ते हरणाऱ्याला

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सुमती गेली. कल्याणच्या इस्पितळात तिच्या तर्जनीवर आदल्या दिवशीची शाई होती, माझ्याही.

ठाकुर्लीच्या शाळेत आम्ही दोघांनी ती लावून घेतली, तेव्हा तिचा थंड, किंचित झोंबरा स्पर्श बोटाला झाला होता. बाहेर आल्यावर सुमतीने नख उन्हात धरून निरखले. निवृत्त शिक्षिका ती. नोकरीत असताना अनेकदा मतदान केंद्राध्यक्ष झालेली. पहिला मतदार येण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर चाचणीची मते टाकतात, मोजून दाखवतात आणि मग पुसून टाकतात. हा विधी तिला देवपूजेइतकाच प्रिय! प्रतिनिधींमधल्या सर्वांत संशयी माणसाला ती मुद्दाम पुढे बसवी, वर्गातल्या पहिल्या बाकावर बसवावे तसे.

एकदा डोंबिवलीच्या केंद्रावर बाहेर रांग वाढलेली, सहकाऱ्यांची घाई. चाचणीची मते पुसायचीच राहिली. पुढे बसलेले म्हात्रेकाका ओरडले, "ओ मॅडम, आमची खोटी मतं या मशीनच्या पोटातच की अजून! दिवसभर ढेकर देत बसेल ती." सगळे हसले. रांगेतून टोमणा आला, "अहो बाई, आज उघडणार का दुकान?" सुमतीने रांग तशीच थांबवली, यंत्र रिकामे केले, प्रत्येकाला शून्य दाखवले. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली, "अहो, जिंकणारा न बघताच विश्वास ठेवतो. दाखवावं लागतं ते हरणाऱ्याला."

केवढी करुणा आहे या बोलण्यात! ती कुलपे, त्या मोहरा, त्या स्वाक्षऱ्या शेवटी कुणासाठी? निकालानंतर मान खाली घालून घरी परतणाऱ्याला, 'हरलो, पण फसवला गेलो नाही' एवढे स्वतःशी म्हणता यावे म्हणून. दुःख त्याचे त्याला राहतेच. त्यात संशयाचे विष कालवले जाऊ नये, इतकीच व्यवस्था माणसाच्या हाती असते.

इस्पितळात हरणारा मी होतो. डॉक्टरीणबाई सांगत होत्या ते मला पटेना. यंत्र बिघडले असेल, तारा सुटल्या असतील, असे काहीबाही मी बोलत राहिलो. वयाने आमच्या भाचीएवढी ती मुलगी. पण रागावली नाही. "या काका, पुन्हा बघू आपण," म्हणाली. एकेक तार माझ्या डोळ्यांसमोर नव्याने जोडली आणि कागदावर उमटणारी सरळ रेघ मला थेट शेवटपर्यंत पाहू दिली. मी पाहिली. मग मान हलवली.

त्या रेघेने मला काहीच परत दिले नाही. पण 'कदाचित' हा शब्द माझ्याबरोबर घरी आला नाही.

नख वाढते, शाई पुढे सरकते. आज सकाळी, तिने धरले होते तसे, मी बोट उन्हात धरले. टोकाशी थोडी शाई उरली आहे.